१९८५ : निवडणूक जिंकून तीन महिन्यांत वसंतदादा का गेले?

औदुंबर_सांगली

वडिलांच्या वर्षश्राद्धाला मागच्या रविवारी घरात पंधरा-वीस माणसं होती. पानं उठली, सुपारी फिरली आणि नेहमीप्रमाणे विषय १९७८ वर आला. सांगलीत हा विषय दोन पिढ्या पाठीतल्या खंजिरापाशी सुरू होतो आणि तिथंच संपतो. मला मात्र वाटायला लागलंय की आपण चुकीच्या सालावर भांडतोय.

१९७८ मध्ये काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. जानेवारीत काँग्रेस फुटली. निवडणुकीत जनता पक्षाला ९९, रेड्डी काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. दोन्ही काँग्रेसनी एकत्र येऊन सरकार केलं, आमच्या सांगलीचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री आणि नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. चार महिन्यांत शरद पवार चाळिसेक आमदार घेऊन बाहेर पडले आणि १८ जुलैला पुलोदचे, म्हणजे पुरोगामी लोकशाही दल या आघाडीचे, मुख्यमंत्री झाले. वय ३७. घाव मोठा होता, नाकारत नाही. पण ते उघड्यावर झालं. अधिवेशन चालू होतं, आमदार मोजता येत होते, सरकार गेलं आणि दुसरं आलं.

आता १९८५ बघा. मार्चमध्ये दादांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसनं २८८ पैकी १६१ जागा जिंकल्या. विरोधात पवारांची समाजवादी काँग्रेस ५४ वर. बहुमताला धक्का नाही, सभागृहात अविश्वास नाही, आमदारांचं बंड नाही. तरी १ जूनला दादा पायउतार झाले. कारण एकच, प्रदेशाध्यक्षपदी प्रभा राव यांची नेमणूक दादांना मान्य नसताना दिल्लीहून झाली. मुख्यमंत्र्याच्या डोक्यावर त्याला नको असलेला अध्यक्ष बसवायचा, म्हणजे त्याला काय सांगायचं असतं ते दादांना कळलं. ते थांबले नाहीत.

माझे वडील साखर कारखान्यात काट्यावर होते, उसाच्या गाड्या वजन करायचे. त्या सकाळी प्रादेशिक बातम्या ऐकून त्यांनी रेडिओ बंद केला आणि आईला म्हणाले, "निवडून दिलेल्यानं काढलं असतं तर सोसलं असतं." मी तेव्हा नववीत होतो. वाक्य कळलं नव्हतं, पण राहिलं.

माझं म्हणणं असं की १९७८ ही फूट होती आणि १९८५ ही रीत झाली. जून १९८० ते जून १९८८ या आठ वर्षांत अंतुले, भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव चव्हाण आणि पवार असे सहा मुख्यमंत्री झाले. सगळे एकाच पक्षाचे, आणि त्या पक्षाला सभागृहात कधीच बहुमत कमी पडलं नव्हतं. मग इतक्या वेळा खुर्ची हलवली कुणी, आणि त्याची किंमत कुणी दिली, यावर बोलू या. आजच्या राजकारणावर आलो तर चार प्रतिसादांत भांडण लागेल, त्यामुळे शक्यतो १९७५ ते १९९१ इथंच राहावं ही विनंती.

वैनगंगा

तुमच्या वडिलांबद्दल आदर ठेवून सांगतो, हा सगळा इतिहास कृष्णेच्या काठावरून लिहिलेला आहे.

प्रभाताई दिल्लीहून आलेल्या नव्हत्या. वर्धा जिल्ह्यातल्या. पुलगावमधून निवडून आलेल्या, मंत्रिपद सांभाळलेल्या. "डोक्यावर बसवलेला अध्यक्ष" म्हणताना हे विसरलं जातं. आमच्या भागातली एक बाई प्रदेशाध्यक्ष झाली तर मुख्यमंत्र्याला राजीनामा द्यावासा वाटतो, असं भंडारा-वर्ध्यात लोकांनी ते वाचलं. बरोबर की चूक ते नंतर बघू, पण असं वाचलं.

आणि तिरपुड्यांना तुम्ही एका ओळीत उरकलंत. १९७८ च्या सरकारात ते फक्त अडथळा होते अशीच मांडणी नेहमी होते. ते वेगळ्या विदर्भाची बाजू उघड मांडत होते, आणि राज्याच्या पहिल्या उपमुख्यमंत्रिपदावर बसून यशवंतराव चव्हाणांवर टीका करत होते. पश्चिम महाराष्ट्राला ते झोंबलं, हे पवार बाहेर पडण्याच्या कारणांपैकी एक आहे.

साखर कारखाने, जिल्हा बँका, दूध संघ ज्यांच्याकडे, त्यांच्याकडे आमदार. आमच्याकडे कापूस आणि धान. कापसाची खरेदी तेव्हा सरकारी, त्यातून चेअरमन तयार होत नसत. आमदारांची डोकी मोजून नेता ठरला असता तर विदर्भाचा माणूस कधी वर गेला असता? कन्नमवार आणि वसंतराव नाईक झाले, कारण यशवंतरावांनी आणि दिल्लीनं होय म्हटलं. म्हणून दिल्लीचा हात आम्हाला नेहमी वाईटच वाटला नाही. तुम्हाला जो हस्तक्षेप दिसतो तो कधीकधी आमच्यासाठी एकुलता एक दरवाजा होता.

सातबारा

एक आकडा राहिला. १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसच्या १८६ जागा होत्या, १९८५ मध्ये १६१. आणि डिसेंबर १९८४ च्या लोकसभेत याच महाराष्ट्रानं काँग्रेसला ४८ पैकी ४३ खासदार दिले होते. तीन महिन्यांत लाट ओसरली. दिल्लीत कुणी म्हणालं असेल की दादांमुळे जागा कमी झाल्या, तर त्याच्या हातात कागद होता. दादा जिंकले हे खरं, पण निर्विवाद जिंकले असं नाही.

गिरणगाव_परळ

किंमत कुणी दिली असं विचारलंत म्हणून लिहितो. नाहीतर मी राजकारणाच्या धाग्यांवर येत नाही.

१२ जानेवारी १९८२ ला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल आला. सिमेंटचे परवाने आणि मुख्यमंत्री अंतुल्यांनी काढलेल्या प्रतिष्ठानच्या देणग्या यांचं नातं न्यायालयानं जोडलं आणि त्यांना जावं लागलं. २१ जानेवारीला बाबासाहेब भोसले यांचा शपथविधी झाला. या दोन तारखांच्या मध्ये, १८ जानेवारीला, गिरणी संप सुरू झाला. साठेक गिरण्या, अडीच लाख कामगार. ज्या आठवड्यात मुंबईच्या इतिहासातला सर्वात मोठा संप उभा राहिला त्या आठवड्यात राज्याचा मुख्यमंत्री निघालेला होता आणि पुढचा कोण ते दिल्लीत ठरत होतं. सगळे आमदार, सगळे इच्छुक तिकडे.

पण मला खरं दुःख त्या नऊ दिवसांचं नाही. नंतरच्या वर्षाचं आहे. संपाचं मूळ पगाराइतकंच १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात होतं. त्या कायद्यानं गिरण्यांमध्ये एकच मान्यताप्राप्त संघटना, राष्ट्रीय मिल मजदूर संघ. ती काँग्रेसच्या घरातली. कामगार संपाचे नेते दत्ता सामंत यांच्या मागे गेले होते, पण वाटाघाटी करायचा हक्क संघाकडे. तो सोडवायचा तर मुख्यमंत्र्याला स्वतःच्याच पक्षातल्या एका ताकदवान गटाला दुखवावं लागणार होतं. ते करायला पाय रोवलेला माणूस हवा. भोसले नेहरूनगरमधून आलेले, अंतुल्यांच्या मंत्रिमंडळात कायदामंत्री होते, स्वतःचा गट नव्हता. त्यांना निवडलं गेलं ते गट नव्हता म्हणूनच, असं तेव्हाही बोललं जायचं. जो कुणाला धोका नाही तो मुख्यमंत्री! मग त्याच्याकडून कठीण निर्णयाची अपेक्षा कशी करायची? ऑगस्टमध्ये मुंबईचे पोलीस संपावर गेले. वर्ष संपेपर्यंत आमदारांचं बंड उभं राहिलं. "बंडोबा" आणि "थंडोबा" हे शब्द त्यांच्या नावावर आहेत, लोक हसून सांगतात. मला हसू येत नाही. त्या वर्षी आमच्या चाळीत भांडी विकली गेली.

१ फेब्रुवारी १९८३ ला भोसले गेले, दुसऱ्या दिवशी वसंतदादा आले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. माझा बाप १९८४ मध्ये खेडला गावी गेला तो गेलाच.

औदुंबर_सांगली

गिरणगाव, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. १८ जानेवारी ही तारीख मला माहीत होती, पण ती १२ आणि २१ च्या मध्ये ठेवून मी कधी पाहिली नव्हती.

वैनगंगा, प्रभाताईंच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. मी लिहिताना त्यांना नुसतं हत्यार करून टाकलं, ती चूक. पण एक विचारतो. नेमणूक विदर्भाला न्याय द्यायला झाली असती तर दादांच्या जागी मुख्यमंत्री विदर्भातला यायला हवा होता. आले निलंगेकर, लातूर जिल्ह्यातले. विदर्भाला मुख्यमंत्रिपद मिळालं ते थेट १९९१ मध्ये सुधाकरराव नाईकांच्या रूपानं. मग तो दरवाजा नक्की कुणासाठी उघडला होता?

निवृत्त_कक्षअधिकारी

मी मंत्रालयात होतो, १९७४ ते २००९. कुठल्या विभागात ते सांगत नाही. आतून जसं दिसलं तसं लिहितो.

आमदार नेता निवडतात ही घटनेतली गोष्ट झाली. प्रत्यक्षात दिल्लीहून पक्षनिरीक्षक यायचे. एकेका आमदाराला आत बोलावून मत विचारायचे. बाहेर पत्रकार. बैठक भरली की एका ओळीचा ठराव यायचा, नेता निवडीचे सर्व अधिकार पक्षाध्यक्षांना देण्यात येत आहेत. सूचक, अनुमोदक, टाळ्या. नाव नंतर यायचं. कधी संध्याकाळी, कधी दुसऱ्या दिवशी. आत काय मत दिलं ते कुणालाच मोजता येत नसे, त्यामुळे हरलेला प्रत्येक जण म्हणू शकत होता की बहुमत माझ्याकडे होतं. असंतोष तिथंच पेरला जायचा. उघड मतदान झालं असतं तर हरलेला दोन वर्षं गप्प बसला असता. इथं तो दुसऱ्याच दिवशी दिल्लीचं तिकीट काढायचा.

मग वर्षभराची साखळी सुरू. सह्यांची मोहीम, एखाद्या मंत्र्याच्या बंगल्यावर स्नेहभोजन, शिष्टमंडळ दिल्लीला, श्रेष्ठींची भेट, "नेतृत्वबदलाचा प्रश्नच नाही" असा खुलासा. खुलासा आला की आम्ही समजायचो, आता दिवस भरले.

अशा काळात फाइली थांबतात. रागावून कुणी थांबवत नाही. सचिवाला वाटतं, नवा माणूस आला तर हाच निर्णय अंगाशी येईल. मंत्र्याला वाटतं, खातं राहील की जाईल. बदल्यांच्या फाइली तेवढ्या पळतात. महामंडळांच्या अध्यक्षांच्या नेमणुकाही रखडवून ठेवायच्या, कारण नाराजांना दाखवायला काहीतरी हातात हवं. सहा मुख्यमंत्र्यांच्या त्या आठ वर्षांत माझ्या टेबलावरचा एक धोरणाचा मसुदा चार वेळा "मा. मुख्यमंत्र्यांच्या अवलोकनार्थ पुन्हा सादर" झाला. पाचव्यांदा सादर करायला मी त्या विभागात नव्हतो.

वसंतदादांबद्दल एक सांगतो. शिक्षण फार नव्हतं, पण टिपणी वाचून दाखवली की प्रश्न नेमका विचारायचे. १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देण्याचा निर्णय त्यांनी घेतला, चांगला-वाईट तो भाग वेगळा, पण घेतला आणि राबवला. त्याच वर्षी मागास भागांचा विकासाचा अनुशेष मोजायला दांडेकर समितीही नेमली. निर्णयाला माणूस दोन वर्षं तरी जागेवर लागतो. त्यांना १९८३ नंतर तेवढी मिळाली म्हणून ते झालं.

वैनगंगा

बरं झालं दांडेकर समितीचं नाव काढलंत. १९८४ मध्ये अहवाल आला, अनुशेष ३,१८६ कोटी रुपये. विदर्भ आणि मराठवाड्याची तूट पहिल्यांदा सरकारी कागदावर आकड्यात आली, आणि ती समिती नेमली सांगलीच्या दादांनी. हे मी मान्य करतो. तो आकडा हातात आला आणि वर्षभरात मुख्यमंत्री बदलला, मग नऊ महिन्यांत पुन्हा बदलला. अनुशेषाचा पाठपुरावा कुणाकडे करायचा हे आमच्या लोकांना कळेना.

औदुंबर, दरवाजा कुणासाठी उघडला होता या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

मांजरा_तीर

निलंगेकर साहेबांचं नाव दोनदा आलं म्हणून लातूरकडून लिहिते. ३ जून १९८५ ला शपथ, मार्च १९८६ मध्ये राजीनामा. मुलीच्या एमडी परीक्षेतल्या गुणांचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयानं ताशेरे मारले. त्यात मी त्यांचा बचाव करणार नाही. पण ज्या माणसाच्या मागे स्वतःचे आमदार नाहीत त्याच्यावर संकट आलं की एका दिवसात सगळे बाजूला होतात, हे आम्ही पाहिलं.

मात्र शंकररावांना या यादीत नुसतं एक नाव म्हणून ठेवू नका. शंकरराव आणि वसंतदादा यांचं वैर १९७८ च्या आधीचं. १९७६ मध्ये मुख्यमंत्री असताना शंकररावांनी दादांना मंत्रिमंडळातून वगळलं, दादांनी राजकारण सोडल्याचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी लोकसभेत काँग्रेस हरली, शंकरराव गेले आणि त्याच खुर्चीत दादा. मग १९७८ मध्ये पवारांच्या पुलोद मंत्रिमंडळात शंकरराव अर्थमंत्री! म्हणजे सांगलीकर ज्या दिवसाला खंजीर म्हणतात, त्या दिवसामागे दोन वर्षांपूर्वीचा हिशोबही उभा होता. तुमची गोष्ट पवार-दादा अशी दोघांचीच नाही.

आमच्याकडे शंकररावांना हेडमास्तर म्हणायचे. जायकवाडीसाठी त्यांनी जे केलं त्याच्यावर आजही आमच्या भागातली शेतं उभी आहेत. कारखानदारांशी त्यांचं जमलं नाही, आणि त्यांना दोन्ही वेळा मध्येच जावं लागलं. १९८८ मध्ये त्यांना केंद्रात अर्थमंत्री केलं, मान राखला, पण खुर्ची रिकामी हवी होती ती पवारांसाठी, जे दीडच वर्षापूर्वी औरंगाबादला राजीव गांधींच्या उपस्थितीत काँग्रेसमध्ये परतले होते.

सातबारा

कारखानदारीचा मुद्दा निघाला आहे तर त्याचा व्यवहार मांडतो, माझं कुटुंब त्यात आहे.

कारखाना काढायचा तर केंद्राचा परवाना लागायचा, १९९८ पर्यंत. भागभांडवल आणि कर्जाची थकहमी राज्याची. म्हणजे चेअरमन असलेल्या आमदाराचा एक पाय मुंबईत आणि एक दिल्लीत अडकलेला. राज्यातला नेता कितीही आपला असला तरी दिल्लीनं डोळे वटारले की आमदार हलतो, आणि दिल्लीचा लाडका माणूस मुंबईत बसला तरी थकहमीसाठी त्याला सलाम करावा लागतो. निष्ठा नव्हती असं म्हणणं सोपं आहे. गावात दहा हजार सभासदांचा ऊस उभा असताना चेअरमन कुणाशी निष्ठावंत राहणार? आधी गाळपाशीच.

रोहा_अष्टमी

अंतुल्यांबद्दल फक्त न्यायालयाचा निकाल लिहून पुढे गेलात, कोकणी माणसाला ते लागतं. निकाल चुकीचा म्हणत नाही. पण मे १९८१ मध्ये सिंधुदुर्ग आणि जालना जिल्हे झाले, कुलाब्याचं रायगड झालं, संजय गांधी निराधार योजनेचे पैसे म्हाताऱ्या बायकांच्या हातात पडायला लागले, हे सगळं दीड वर्षात. माझ्या आजीला त्या योजनेचे पैसे शेवटपर्यंत मिळत होते. श्रीवर्धनचा माणूस, साखरपट्ट्यातला नाही, मराठा नाही. आमदारांनी निवडला असता तर आला नसता, हे वैनगंगांचं म्हणणं आमच्याकडेही लागू आहे. आणि इंदिराबाईंनी आणला म्हणून त्यांच्या नाराजीनंतर एक दिवस टिकला नाही, हेही तितकंच खरं. वसंतदादांच्या पत्नी शालिनीताई पाटील महसूलमंत्री होत्या, त्यांना अंतुल्यांनी काढलं तेव्हाच सांगलीशी उभा दावा झाला होता. त्यामुळे संकटात राज्यातून कुणी पाठीशी आलं नाही.

वकील_नारायणपेठ

१९८५ या सालात आणखी एक गोष्ट आहे, ती कुणी आणली नाही. ५२ वी घटनादुरुस्ती, पक्षांतरबंदी, १ मार्च १९८५ पासून लागू. म्हणजे दादांची शेवटची कारकीर्द आणि हा कायदा एकाच महिन्यातले.

त्याआधी नेत्याशी न पटलेला आमदार बाहेर पडू शकत होता, १९७८ मध्ये पडले. नव्या कायद्यात एकतृतीयांश आमदारांनी फूट दाखवली तरच संरक्षण होतं, आणि २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीनं तेही काढलं. दोनतृतीयांशांनी विलीन व्हायचं, नाहीतर राहायचं. पक्ष फुटू नये म्हणून कायदा केला, पण पक्षाच्या आत लोकशाही हवी असं त्यात एक अक्षर नाही. बाहेरचं दार बंद केलं आणि आतल्या खोलीच्या किल्ल्या आधीपासून दिल्लीत. असंतुष्ट माणसानं जायचं कुठं? तो आतच राहून पोखरणार. जानेवारी १९९१ मध्ये पवारांविरुद्ध विलासराव देशमुख, रामराव आदिक यांच्यासह मंत्र्यांनी उठाव केला, तो याच पद्धतीचा. पक्ष सोडला नाही, फक्त दिल्लीकडे पाहिलं. दिल्लीनं पवारांना ठेवलं, उठाव मिटला. मतं मोजण्याची गरज कुणालाच वाटली नाही.

२०२२ वर येत नाही, धागाकर्त्यांची विनंती आहे.

औदुंबर_सांगली

आभार, वकीलसाहेब. हे मला सुचलं नव्हतं.

मांजरा_तीर ताई, १९७६ चं तुम्ही म्हणता ते सांगलीत कुणी सांगत नाही. वडीलही सांगत नसत. दादांना काढलं हे सांगायचे, पण नंतर पुलोदमध्ये अर्थमंत्री कोण होतं हे कधी नाही. रविवारी आमच्या घरात जे बोलले त्यांच्यापैकी निम्म्यांना ते माहीत नसणार. आता मोठ्या काकांना फोन करून विचारतो. ते ८४ वर्षांचे आहेत, त्या काळी पद्माळ्याला दादांच्या घरी जाऊन-येऊन असायचे.

वैनगंगा, अजून एक गोष्ट तुमच्यासाठी. दादा त्या राजीनाम्यानंतर राजस्थानचे राज्यपाल झाले, नोव्हेंबर १९८५ मध्ये. दोन वर्षांनी ते पद सोडून परत आले, १ मार्च १९८९ ला गेले. प्रभाताईही पुढे राजस्थानच्याच राज्यपाल झाल्या आणि २०१० मध्ये त्या पदावर असतानाच गेल्या. दोघांनी जयपूरच्या त्याच राजभवनात दिवस काढले. त्यांच्यात नंतर कधी बोलणं झालं का, हे तुमच्याकडच्या कुणा जुन्या माणसाला विचाराल का? वर्ध्यात कुणी असेल तर जास्त बरं.

वैनगंगा

विचारतो. पुलगावला आमच्या आत्याचे दीर आहेत, प्रभाताईंच्या प्रचाराला पायी फिरलेले. ऐकायला कमी येतं, समोर बसूनच विचारावं लागेल. पोळ्याला जाणार आहे.